दोन जीव, एक नरसाळं

लग्न लागलं म्हणजे दोघं एक झाले, यावर हल्ली कुणाचा विश्वास बसत नाही. पुरावा लागतो, आणि तो शेवटच्या रांगेतल्या मोबाइललाही दिसावा लागतो. तेव्हा एखादा ऐक्यविधी ठेवाच.

सुरुवात युनिटी कँडलपासून करा. दोन बारीक मेणबत्त्या, मधे एक जाड; दोघांनी आपापल्या बारीक मेणबत्तीने ती पेटवायची. जाड मेणबत्ती थेट खोक्यातून काढून मांडावी. आदल्या दिवशी ती थोडा वेळ पेटवून वात मोकळी करून ठेवायचा शहाणपणा नको. कोऱ्या मेणबत्तीची वात मेणाने माखलेली असते, ती चटकन धरत नाही. तेवढ्यात तिरप्या धरलेल्या बारीक मेणबत्त्यांचं मेण दोघांच्या बोटांवर उतरतं, आणि सुखदुःख वाटून घ्यायला तिथेच सुरुवात होते. कार्यक्रम उघड्यावर असेल तर काचेची चिमणी अजिबात लावू नका. वाऱ्यालाही मत असतं. मोठी ज्योत लागल्यावर लहानग्यांचं काय करायचं, हेही आधी ठरवू नका. दोन्ही फुंकल्या तर दोघांनी स्वतःला विझवलं असं होतं. दोन्ही तशाच ठेवल्या तर पहिल्या रांगेतली आत्या विचारते, मग एक झालं काय? यावर सर्वमान्य तोडगा म्हणजे नवरीची तेवढी फुंकायची.

सँड सेरेमनी त्याहून खोल. म्हणजे बरणी खोल. दोघं आपापल्या रंगाची वाळू आळीपाळीने तीत ओततात आणि शेवटी एकत्र धार धरतात. मोजमाप करत बसू नका. १ लिटरच्या बरणीला दोघांनी पाऊण-पाऊण लिटर वाळू आणली की अर्धा लिटर प्रेम टेबलावर. कमी आणली तर वर पोकळी राहते, घरी जाताना गाडीत बरणी आडवी होते आणि सगळे थर मोडतात. तसं पाहिलं तर खरं ऐक्य तेव्हाच होतं, पण फोटोत ते राखेसारखं दिसतं. बरणी काठोकाठ भरून तोंडाशी वितळलेलं मेण ओतणारे लोक असतात. त्यांच्या बरण्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, सांगण्यासारखं काहीच घडत नाही. अरुंद तोंडाची बरणी घ्या आणि नरसाळं विसरा. वाळू जरा दमट असू द्या, म्हणजे धार न पडता गोळा पडेल. एवढ्यात सूत्रसंचालक भरल्या आवाजात सांगतो की हे कण आता कधीच वेगळे होणार नाहीत. थर जाड असतील तर चमच्याने बऱ्यापैकी होतात, हे त्याला सांगू नका.

वाळूऐवजी रंगीत पाणी घेणार असाल तर लाल आणि हिरवं घ्या. निळ्या-पिवळ्याचं हिरवं होतं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. गढूळ तपकिरी संसार सर्वांना जमत नाही.

मनगटं बांधायचा विधी हवा असेल तर सॅटिनची गुळगुळीत रिबन आणा, आणि सराव करू नका. हात मागे घेतले की गाठ आपोआप बसते, असं ऐकलेलं असतं. ती बसते, पण दोघांनी योग्य टोकं बोटांत धरली आणि हात सावकाश ओढले तरच. मधल्या काळात एकाचं नाक खाजतं.

कुलूप लावून किल्ली फेकायची तर पुलावरच. २०१४ साली पॅरिसच्या पाँ दे झार पुलाच्या कठड्याचा एक भाग असल्या कुलपांच्या ओझ्याने कोसळला आणि पुढच्या वर्षी तिथून सुमारे ४५ टन कुलपं उतरवावी लागली. इतकं अतूट प्रेम लोखंडालाही झेपत नाही.

रोप लावायचं असेल तर तळाला भोक नसलेली कुंडी निवडा आणि दोघांनी तांब्या-तांब्या पाणी घाला. मुळांना हवा लागते वगैरे नंतर बघू.

आणि पत्रांची पेटी राहिलीच. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहायची, लाकडी पेटीत घालून सगळ्यांदेखत खिळे ठोकायचे आणि पहिल्या मोठ्या भांडणाच्या दिवशी पेटी उघडायची. स्क्रू किंवा कडी बसवू नका, ती सहज उघडते. लांब खिळे घ्या, निदान आठ. मग ऐन भांडणात दोघांपैकी एकाला विचारावंच लागतं, "हातोडी कुठे ठेवलीयस?"