रेचल ब्लॅकमोरला वजनाची सूट नव्हती

आयर्लंडची जॉकी रेचल ब्लॅकमोर मे २०२५ मध्ये निवृत्त झाली, पण तिच्याबद्दलचा एक दावा अजून फिरतोच आहे. त्याचा आशय असा: बाई म्हणून तिला वजनात सूट मिळायची, मोठ्या तबेल्याचे तयार घोडे मिळाले, २०२१ मध्ये तिने ग्रँड नॅशनल ही घोड्यांची प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत जिंकली तो नशिबाचा एक दिवस होता, आणि तिच्याआधी या अडथळ्यांच्या शर्यतींत बायका नव्हत्याच.

‘बाई म्हणून वजनात सूट’

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जॉकी बाई आहे म्हणून एक पौंडही कमी होत नाही. अशी सूट फ्रान्समध्ये आहे. तिथे १ मार्च २०१७ पासून ती लागू झाली, सुरुवातीला २ किलोची, आणि तीही सर्वोच्च दर्जाच्या शर्यती वगळून. ब्लॅकमोरने मोठे विजय मिळवले ती चेल्टनहॅम आणि ऐन्ट्री (जिथे ग्रँड नॅशनल होते) ही दोन्ही मैदानं इंग्लंडमधली. तिथे फ्रान्सचा नियम चालत नाही.

मुळात जॉकी अंगाने हलकी असली तरी घोड्याचा भार हलका होत नाही. घोड्याने किती वजन वाहायचं ते शर्यतीआधीच ठरलेलं असतं. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभी राहते. हेल्मेट आणि चाबूक त्यात धरत नाहीत. वजन कमी भरलं तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. शर्यत संपल्यावर पुन्हा काटा. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना हे नवं नाही. फरक इतकाच की आपल्याकडे शर्यती सपाट, म्हणून वजनंही पुष्कळ कमी. ग्रँड नॅशनलमध्ये तिच्या मिनेला टाइम्स या घोड्यावर १० स्टोन ३ पौंड, म्हणजे सुमारे ६५ किलो होते. तो आकडा हँडिकॅपरने, म्हणजे वजनं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, घोड्याची कामगिरी पाहून ठरवला होता. वर कोण बसणार याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग ही समजूत आली कुठून? आमच्या मते हनीसकलमुळे. या घोडीवर बसून ब्लॅकमोरने चेल्टनहॅमला २०२१ आणि २०२२ चा चॅम्पियन हर्डल जिंकला. त्या शर्यतीत नरांना ११ स्टोन १० पौंड (सुमारे ७४ किलो) आणि माद्यांना ७ पौंड कमी. ही सूट घोडीची आहे, स्वाराची नाही. २०१६ मध्ये अ‍ॅनी पॉवर या घोडीवर रूबी वॉल्शला आणि २०२० मध्ये एपातांत या घोडीवर बॅरी गेराटीला, म्हणजे दोन पुरुष जॉकींना, नेमके हेच ७ पौंड मिळाले होते. त्यांच्या विजयावर कुणी बोट ठेवलं नाही. शिवाय २०२२ मध्ये हनीसकलच्या मागे दुसरी आलेली एपातांतच होती, म्हणजे सूट दोघींनाही सारखीच.

ब्लॅकमोरला एक सूट खरोखर मिळाली: शिकाऊ व्यावसायिक जॉकीची, जी विजय वाढतील तशी ७ पौंडांवरून ५, मग ३ होते आणि शेवटी संपते. ती प्रत्येक नवशिक्याला मिळते, पुरुषालाही. २०१६-१७ मध्ये याच गटात ती आयर्लंडची अव्वल ठरली. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

‘घोडे तयार मिळाले’

तिचा प्रशिक्षक हेन्री डी ब्रॉमहेड याच्या तबेल्यात उत्तम घोडे होते, हे खरंच आहे. पण क्रम पाहा. टिपररीतल्या किलेनॉलची ही मुलगी. वडील दुग्धव्यावसायिक, आई शिक्षिका. फेब्रुवारी २०११ मध्ये थर्ल्सला पहिला विजय, हौशी जॉकी म्हणून. मार्च २०१५ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि त्यानंतरचा पहिला विजय सप्टेंबरमध्ये. डी ब्रॉमहेडशी जोडी जमली ती २०१८ मध्ये, म्हणजे शिकाऊंमध्ये अव्वल ठरल्यानंतर.

आणि चांगला घोडा आपोआप जिंकत नाही. ग्रँड नॅशनल सुमारे ६.९ किलोमीटरची, ३० अडथळ्यांची. २०२१ मध्ये ४० घोडे धावले. अडथळ्याच्या तीन-चार ढांगा आधी जॉकीला अंतराचा अंदाज घ्यावा लागतो. घोडा फार जवळून उडाला तर पुढचे पाय कुंपणाला लागतात, फार लांबून उडाला तर मागचे पाय त्यात अडकतात. अशा वेळी ढांग आखडायची, लांबवायची की गप्प बसून निर्णय घोड्यावर सोडायचा, हे क्षणात ठरतं. उतरताना घोड्याचं नाक जमिनीकडे गेलं तर लगाम बोटांतून सैल सोडायचा, म्हणजे त्याला मान लांबवून सावरता येतं. घट्ट धरून ठेवला तर स्वार डोक्यावरून पुढे फेकला जातो. हे सगळं चाळीसांच्या गर्दीत, समोर पडलेल्या घोड्याला टाळत करायचं.

तयार घोडा म्हणजे विजय, असं मानणाऱ्यांनी चेल्टनहॅमचा २०२१ चा गोल्ड कप आठवावा. ब्लॅकमोरसमोर दोन घोडे होते. तिने ए प्लस टार्ड निवडला. मिनेला इंडो जॅक केनेडीकडे गेला आणि तोच जिंकला. ती दुसरी. पुढच्या वर्षी पुन्हा ए प्लस टार्ड. उतारावर ती घोड्यांच्या गराड्यात अडकली होती. घाईने वाट काढायला जाण्याऐवजी ती थांबली, जागा मिळताच बाहेर पडली आणि १५ लेंग्थने, म्हणजे पंधरा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकली. गोल्ड कप जिंकणारी पहिली स्त्री! त्या दिवशीचा तो संयम घोड्याच्या नावावर टाकता येत नाही.

‘नशिबाचा एक दिवस’

ग्रँड नॅशनल १० एप्रिल २०२१ ला झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात चेल्टनहॅमला तिने सहा शर्यती जिंकून सर्वोत्तम जॉकीचा मान घेतला होता. २०१८-१९ च्या हंगामात ९० विजयांसह आयर्लंडमध्ये ती पॉल टाउनेंडच्या मागे दुसरी होती. जुलै २०२१ मध्ये किलार्नीला पडून घोटा आणि नितंबाचं हाड मोडलं. गोल्ड कप त्यानंतरचा. एकूण विजय ५७५.

‘तिच्याआधी बायका नव्हत्याच’

हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो तिचं कौतुक करत बाकीच्यांना पुसून टाकतो. ब्रिटनमध्ये १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यामुळे दार उघडलं. १९७७ मध्ये शार्लट ब्रू ग्रँड नॅशनलमध्ये उतरली. तिच्या बॅरनी फोर्ट या घोड्याने शेवटचे चार अडथळे उरले असताना उडी नाकारली. १९८२ मध्ये जेराल्डिन रीसने चिअर्स या घोड्यावर शर्यत पूर्ण केली. १९९४ मध्ये रोझमेरी हेंडरसन आणि २००५ मध्ये कॅरी फोर्ड पाचव्या आल्या, २०१२ मध्ये केटी वॉल्श तिसरी. आयरिश ग्रँड नॅशनल तर अ‍ॅन फेरिसने १९८४ मध्येच जिंकली होती, आणि नीना कारबेरीने २०११ मध्ये.

चेल्टनहॅम महोत्सवात अडथळ्यांची ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची शर्यत, जिंकणारी पहिली स्त्रीही ब्लॅकमोर नव्हे. १४ मार्च २०१९ ला ब्रायनी फ्रॉस्टने फ्रोडनवर रायनएअर चेस जिंकली. ब्लॅकमोरने मिनेला इंडोवर ५०-१ च्या भावात आपली पहिली ग्रेड वन जिंकली ती दुसऱ्या दिवशी.