‘दारातून परत पाठवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

इथे अमेरिकेत दहन-दफनाऐवजी पार्थिवाची माती करून देण्याच्या आमच्या कामाबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. एक तारा, आणि खाली लिहिलंय की बाबांच्या पार्थिवाला आम्ही दारातून परत पाठवलं, नियम आधी सांगितले नाहीत, गाडीचे पैसे मात्र घेतले, आणि ‘मराठी असूनही माणुसकी दाखवली नाही’. त्या सकाळी पावसात तुम्हा सगळ्यांना पार्किंगमध्ये पाऊण तास ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आत बसवायला हवं होतं. चूक आमची.

पण नियम आधी सांगितले नाहीत, हे खरं नाही.

आदल्या रात्री तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. झोपेतून उठून घेतला. प्रत्येकाला विचारतो तेच विचारलं: पेसमेकर आहे का, क्षयरोग चालू होता का, इबोलासारखा संसर्ग किंवा प्रिऑनचा (मेंदू पोखरणारा, संसर्गजन्य) आजार होता का, कॅन्सरच्या उपचाराचे रेडिएशनचे सीड (किरणोत्सारी कण) शरीरात बसवलेत का, आणि शेवटी एम्बाल्मिंग, म्हणजे शरीर टिकवायला औषध भरणं, झालंय का. शब्दाचा घोळ नको म्हणून मराठीतही विचारलं, “बॉडीत औषध भरलंय का?” उत्तर आलं, “नाही नाही, फ्रीजमध्येच आहेत.” वहीत वेळेसकट लिहिलेलं आहे, कधीही येऊन बघा.

सकाळी माझ्या बायकोने शाल बाजूला केली, तर गळ्याच्या हाडाच्या वर ताजे टाके. त्या औषधाचा, फॉर्मलिनचा, वास मास्कमधूनही येत होता. मग भाऊ म्हणाले, आधी पुण्याला न्यायचं ठरलं होतं. विमानाने भारतात न्यायचं तर एम्बाल्मिंगचा दाखला लागतोच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. दुःखात माणूस गोंधळतो, तेही कळतं. पण बेत बदलला हे मला कोणी सांगायचं? मी विचारलं होतं ना?

आणि एम्बाल्मिंग केलेलं शरीर न घेण्याचा हा नियम काही आडमुठेपणाचा नाही. आमच्याकडे खरं काम जंतूच करतात. व्हेसलमध्ये, म्हणजे शरीर ठेवतो त्या बंद पेटीत, लाकडाच्या चिपा, पेंढा आणि लसूणघास (हो, आपण गुरांना घालतो तोच) घालतो, जंतू कामाला लागले की आतून ऊब चढते. आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या नियमाप्रमाणे सलग ७२ तास किमान ५५ अंश सेल्सिअस राहावंच लागतं, त्याची नोंद ठेवावी लागते. फॉर्मलिन भरतात ते शरीर कुजू नये म्हणूनच. शिवाय ती माती पुढे घरच्यांच्या हातात जाते, कोणी गुलाबाला घालतं, कोणी नातवाच्या झाडाला. लॅबमध्ये आर्सेनिक, शिसं, पारा सगळं तपासल्याशिवाय आम्ही ती देत नाही. त्या दिवशी तुमचं मन राखायला हो म्हटलं असतं, तर दोन-तीन महिन्यांनी व्हेसल उघडून तुम्हाला काय सांगितलं असतं मी?

गाडीचं म्हणाल तर गाडी आमची नव्हतीच, फ्युनरल होमची, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांची, होती. आमच्या नावाची पावती असेल तर दाखवा, आज पैसे परत करतो.

‘मराठी असूनही’ हे मात्र लागलं, ताई. पार्थिवाची माती करायला परवानगी देणारा कायदा इथे १ मे २०२० पासून लागू आहे. असलं काम करतो म्हटल्यावर घरचेच आधी फोन ठेवून देत होते. मिरजेहून आमचे अण्णा अजून विचारतात, “माणसांचं खत करतोस काय रे?” तेही ऐकून घेतो. पण आपला माणूस म्हणून चार शब्द जास्त बोललो, मराठीत समजावलं, आणि तेच असं फिरून आलं. गेल्या आठवड्यात दोन चौकशा होत्या, दोघांनीही तुमचा अभिप्राय वाचून फोन केला. छोटं काम आहे आमचं, आम्ही दोघं आणि एक मदतनीस.

असो. प्रश्नांचा फॉर्म मराठी आणि हिंदीत करायला घेतलाय, तो फोननंतर लगेच मेलने पाठवू. पार्किंगच्या शेडचंही बघतोय.

बाबांची शाल गडबडीत आमच्याकडेच राहिली. खांद्यापाशी डाग होता, बायकोने हाताने धुऊन घडी घालून ठेवली आहे. भावाला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. तुम्ही नाही आलात तरी कोणालाही पाठवा, रविवारी दुपारपर्यंत आम्ही असतो.