ब्राझील आणि जपानच्या मध्ये

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी मोटारीच्या बटणापाशी बसणाऱ्याला घरात फार मान असतो. त्या रात्री तो मान माझा होता. पाणी अकरानंतर कधीही सुटेल, अशी गल्लीत बातमी होती. डोळा लागू नये म्हणून पुतण्याने पाठवलेली लिंक उघडली. सोबत निरोप होता, "काका, अख्ख्या इंटरनेटचा नकाशा आहे. आपलं दुकान सापडतंय का बघा."

आपलं दुकान चादरी-टॉवेलचं. त्याची वेबसाइट पुतण्यानेच २०१९ मध्ये करून दिली. ती आजवर त्याने एकदा आणि मी रोज पाहिली आहे.

नकाशा उघडला तर काळ्याकुट्ट आभाळात नुसते रंगीत गोळे. गड्ड्याच्या यात्रेत पाळणा वर जाऊन अडकावा आणि खाली होम मैदानावरचे दिवे दिसावेत, तसं. रुस्लान एनिकीव नावाच्या माणसाने १९६ देशांतल्या साडेतीन लाखांवर साइट्स आणि त्यांच्यामधले वीस लाखांवर दुवे घेऊन हा पसारा मांडलाय. जिथे गर्दी जास्त, तो गोळा मोठा. गूगल आणि फेसबुक मुलाकडच्या मंडळींसारखे ऐसपैस पसरलेले.

या नकाशात मैल-कोस नाहीत. लोक ज्या साइटवरून ज्या साइटवर उड्या मारतात, त्या दोघी एकमेकींकडे ओढल्या जातात. बाकीच्या एकमेकींना दूर ढकलतात. हे मला लगेच कळलं. नवी पेठेत साडी घेतलेली बाई तडक मॅचिंग ब्लाउजपीस शोधायला निघते, म्हणून ती दुकानं शेजारी-शेजारी. एनिकीवने हेच गणिताने केलं, आम्ही भाड्याने करतो.

पण दिशांचं काय? सात रस्ता चौकात उभं राहून पत्ता विचारला तर निदान चहाची टपरी तरी खूण म्हणून सांगतात. इथे वर लाल रशिया, डावीकडे पिवळा चीन, उजवीकडे जांभळा जपान आणि मधोमध फिकट निळी अमेरिका. मी चादर शोधत निघालो. बोट जरा जास्त सरकलं की हजारो साइट्स सर्रकन मागे, आणि आपण कुठून आलो ते विसरायला होतं. बारा वाजले. साडेबारा वाजले. चादर नाही, टॉवेल नाही, नॅपकीनसुद्धा नाही.

असाच भरकटत ब्राझील आणि जपानच्या मध्ये पोचलो. शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी तिथे पॅसिफिक महासागर असतो असं शिकवलं होतं. या नकाशात तिथे वेगळीच वस्ती आहे, आणि भलतीच मोठी. दोन-चार गोळ्यांची नावं वाचली आणि एकदम कान गरम झाले. चित्र एकही नव्हतं, नुसती नावंच. पण नावं ठेवणाऱ्यांनी आडपडदा ठेवलेला नव्हता.

"अहो, काय बघताय?"

"नकाशा."

"कसला?"

"जगाचा."

"मग मोबाइल छातीशी कशाला धरलाय?"

याला उत्तर सुचेना. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि शेजारची मोटार कधीची चालू आहे, ऐकू येत नाही का?"

धावत जाऊन बटण दाबलं. मोटारीने घसा खाकरला, नळाने दोन उसासे टाकले आणि बादलीत टमरेलभर पाणी पडलं. ते मातीच्या रंगाचं होतं.

सकाळी पुतण्याला फोन लावला. "काय बे, आपलं दुकान त्यात कुठंच नाही!"

"नसणारच काका. तो नकाशा २०११ च्या शेवटचा आहे. आपली साइट २०१९ ची."

म्हणजे जुन्या पंचांगात मी बारशाची तारीख शोधत होतो. त्याला आणखी चार शब्द ऐकवणार होतो, पण आतल्या खोलीत बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, तिकडे कान गेला.

"पाणी कुठलं गं! मोटार लावायची सोडून हे रात्रभर ब्राझीलला गेले होते."