तीन सेकंदांत सोयाबीन

तीन सेकंदांत माझा नुसता घसा खाकरून होतो. पण आमच्या भाच्याचं म्हणणं असं की रीलमध्ये तेवढ्या वेळात काही घडलं नाही, तर बघणारा अंगठ्यानं आपल्याला वर सरकवून पुढं जातो.

"मामा, आलापगिलाप सोडा. डायरेक्ट उडी मारा."

"कायच्यात?"

"कायच्यातबी मारा. धुऱ्यावरून मारा."

गाणं सोयाबीनच्या हमीभावावरचं. त्यात उडी मारायचीच तर भावानं मारायची, आणि तो काही जागचा हलत नव्हता.

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात गाणं तयार करायला फार काही लागत नाही. शब्द डवरणीच्या वेळी सुचतात, चाल मोटारसायकलवर बसते. खंजिरीला काका आहेत. गुरांच्या कोठ्याच्या भिंतींना गोधड्या टांगल्या की आमचा स्टुडिओ तयार. अडचण एकच, शेजारच्या विहिरीवरची मोटार. थ्री फेज लाइन आली की ती घुं घुं करत गाण्यात शिरते. त्यामुळं लाइन गेली की सारा गाव कपाळाला हात लावतो आणि आम्ही लॅपटॉपची बॅटरी बघून खंजिरी काढतो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पोस्टर करायचं, थंबनेलसाठी तोंड वासून फोटो काढायचा, ओळखीच्या-बिनओळखीच्या लोकांना लिंक पाठवायची, त्यांनी 'छान' असं न ऐकताच लिहिलं की आभार मानायचे. मोठ्या गायकाकडं याला माणसं ठेवलेली असतात. स्वतंत्र कलावंताकडं ती सगळी माणसं एकाच बनियनमध्ये राहतात, आणि त्यांतल्या एकालाही संध्याकाळी धारा काढायला सुट्टी नसते. रियाजाला बसावं तर भाचा सांगतो, आज पोस्ट नाही टाकली तर रीच पडते, म्हणजे आपण कमी लोकांना दिसतो. घसा बसला तरी चालतो, रीच पडलेली चालत नाही. बरं, अपलोडचा वेग म्हणाल तर आमच्या शकुंतला रेल्वेचा. शकुंतला निदान बंद पडायच्या आधी यवतमाळहून निघून मूर्तिजापूरला पोचत तरी होती. आमचं गाणं नव्व्याण्णव टक्क्यांवर सिग्नल नसलेल्या स्टेशनात उभं राहतं.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायचे तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं झालं पाहिजे. माझं गाणं चार मिनिटांचं. म्हणजे साठ हजार वेळा कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे. घरच्या आईनं ते शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. दुसऱ्या कडव्यावर तिला कुकर आठवतो. शॉर्ट्सच्या, म्हणजे तिथल्या छोट्या व्हिडिओंच्या, फीडमध्ये बघितलेलं या तासांत धरत नाहीत. तिकडं गाण्यांचं अ‍ॅप स्पॉटिफाय २०२४ पासून म्हणतं, वर्षात १००० वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचा पैसा निघणार नाही. बाजार समितीत निदान माल परत करताना ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून सांगतात. इथं आपल्यात किती ओलावा आहे, तेही कळत नाही.

आणि प्रतिक्रिया! गाण्याचं शूटिंग आम्ही हौसेनं वावरात केलं. पहिलीच कमेंट आली, "भाऊ, मागचं सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. मोझॅक हाय. पांढरी माशी पाहा." त्याखाली दुसऱ्यानं फवारणीचं औषध सांगितलं, तिसऱ्यानं ते औषध कसं फसलं ते सांगितलं, चौथ्यानं पीकविम्याचे पैसे कुणाला आले ते विचारलं. पंधरा माणसं तावातावानं भांडली. गाण्याबद्दल त्यात एकच वाक्य होतं, "आवाज कमी करा, पान नीट दिसू द्या." वाईट म्हणजे निदान बरोबर निघालं. मोझॅकच होता.

गाणं केलं तेव्हा हमीभाव होता ४८९२ रुपये. 'ब्याण्णव' गाण्यात बसवणं ही काय यातना आहे ते ज्याचं त्याला ठाऊक. शेवटी यमकासाठी मी त्यात 'मानव' आणून उभा केला. गाणं चार लोकांपर्यंत पोचेस्तोवर पुढच्या हंगामाचा भाव जाहीर झाला, ५३२८. लगेच एका सद्गृहस्थानं लिहिलं, "भाऊ, गाणं अपडेट करा." आता 'अठ्ठावीस'ला मला 'खवीस' सोडून काही सुचत नाही. आणि मानवाला काढून तिथं खवीस बसवला, तर लोक तो व्यापाऱ्यावर घेतील.

पैसे देऊन बूस्ट करण्याचाही प्रयोग झाला. गाणं कुठंकुठं जाऊन पोचलं. एका दूरच्या हिंदी भाषक बांधवानं आपुलकीनं विचारलं, "भाईसाहब, पीछे ट्रैक्टर कौन सा है?" ट्रॅक्टर शेजाऱ्याचा होता. मग इनबॉक्समध्ये 'प्रमोशन पेज'वाले आले. त्या सगळ्यांना माझं गाणं मनापासून आवडलेलं असतं, फक्त ते ऐकायच्या आधी पैसे पाठवायचे असतात.

कॉपीराइटचा दावा आला तो दिवस मात्र काकांनी गाजवला. गाण्यातला खंजिरीचा तुकडा म्हणे कुठल्याशा कंपनीच्या रेकॉर्डिंगशी जुळतो. काका हा ठेका तरुणपणी गुरुकुंज मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीत, मांडी घालून बसून शिकले. "म्या शिकलो तवा ते कंपनी पाळण्यात होती बे!" असं त्यांनी मोबाइलला ओरडून सांगितलं. मी रीतसर हरकत घेतली. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. काका रोज सकाळी विचारत, "आला का थो?" जणू कंपनी एसटीनं येणार होती.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण खालच्या आळीत हळदीला गेलो, तर मांडवात माझंच गाणं! डीजेनं खाली ढणढण बीट घातलेला, पोरं धुरळा उडवून नाचत होती, आणि 'मानव' आला की सगळी मिळून कोरसमध्ये ओरडत होती. यूट्यूबवर त्या गाण्याला तेव्हा धड तीनशे व्ह्यू नव्हते. कुणीतरी ते उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं, तिथून ते पेनड्राइव्हमध्ये गेलं, आणि पेनड्राइव्हनं तालुका पालथा घातला. तिथले व्ह्यू मोजायला कुणी बसलेलं नसतं. मी डीजेवाल्याला विचारलं, गाणं कोणाचं? "कोनाचं का, नागपूरचा पोरगा हाय कोनी," तो म्हणाला. "सरका भाऊ, बॉक्साच्या मधात येऊन राह्यले तुमी."

पोळ्याला भाच्यानं शेवटचा उपाय काढला. सर्जा झूल-बाशिंग घालून तोरणाखाली उभा, मी त्याच्या पुढं. मी घसा खाकरला, आलाप घेतला, आणि सर्जानं मागून माझा दुपट्टा तोंडात धरून शांतपणे चघळायला सुरुवात केली. तीन सेकंदांत घडायचं ते घडलं. भाच्यानं माझा आवाज काढून टाकला, "मामा, ट्रेंडिंग ऑडिओ लावला की रीच येते," आणि कुठलंसं हिंदी गाणं चिकटवलं. रात्रीतून लाखावर लोकांनी पाहिलं. गवळाऊ का खिल्लार यावर कमेंटमध्ये दोन तट पडले. पार वर्ध्याकडून निरोप आले, जोडी द्यायची का, कितीची?

आमच्या बाबांनी आजवर माझ्या एकाही व्हिडिओकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चष्मा लावून, मोबाइल लांब धरून, त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"पुढच्या टायमाले तू मधात उभा नको राहू बाबू," ते म्हणाले. "त्याचे दात दिसून नाई राह्यले."