सगळा माल एकाच दुकानातला

माझी भाची बारावीत आहे. सुट्टीत आमच्याकडे आली होती. रात्री जेवताना 'बिग बॉस' चालू होतं (हो, आमच्याकडे बघतात, मीही बघतो) आणि मला मामागिरी करायची हुक्की आली. म्हटलं, हे नाव कुठून आलं ठाऊक आहे का? मूळ कार्यक्रम १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला, त्याचं नाव 'बिग ब्रदर'. आणि ते उचललं जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' ह्या कादंबरीतून, जी आली १९४९ साली; त्यातला बिग ब्रदर म्हणजे सगळ्यांवर पाळत ठेवणारा हुकूमशहा. ती म्हणाली, "म्हणजे ज्याला लोकांनी घाबरायचं, त्याला आता लोक व्होटिंग करतात?" मामा एकदम खूश. कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली माझी पिवळी पडलेली प्रत तिच्या हातात ठेवली.

चार दिवसांनी प्रत परत आली. कशी वाटली विचारलं, तर म्हणाली, "मामा, ह्या विन्स्टननं बंड केलं म्हणजे नक्की केलं काय? मला तर तो सारखा शॉपिंग करतानाच दिसला."

मी हसलो. पण रात्री झोप येईना, म्हणून पुस्तक पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा वाचलं. पोरगी बरोबर बोलली होती, आणि इतकी वर्षं माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा, मी शेवटासकट सगळं फोडणार आहे.

ह्या कादंबरीतली प्रतीकं म्हटलं की लोक लगेच ती चार मंत्रालयं काढतात. सत्य मंत्रालय खोटं छापतं, शांतता मंत्रालय युद्ध चालवतं, प्रेम मंत्रालयात छळ होतो, सुबत्ता मंत्रालय उपासमार सांभाळतं. ठीक आहे. ती उपरोधाची पाटीच आहे, दुरून वाचता येते. भिंतीवरचे डोळे, टेलिस्क्रीन (दाखवता दाखवता बघणाऱ्यावरच पाळत ठेवणारा पडदा), तेही सगळ्यांना पाठ. मला आता त्यात फार रस राहिलेला नाही. मला रस आहे चॅरिंग्टनच्या दुकानात.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ, वय ३९, पायाला न भरणारी जखम, घर सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हा माणूस कामगार वस्तीतल्या एका जुनाट दुकानातून कोरी वही घेतो. अडीच डॉलर. त्या वहीत डायरी लिहायला लागतो, आणि इथून त्याचं बंड सुरू होतं. पुढे त्याच दुकानातून काचेचा पेपरवेट घेतो, चार डॉलरला. अर्धगोल काच, पावसाच्या पाण्यासारखी मऊ, आणि आत गुलाबी पोवळ्याचा तुकडा. दुकानदार चॅरिंग्टन म्हणजे साठीचा, वाकलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा गोड म्हातारा. तो वरची खोली दाखवतो. खोलीत जुना पलंग, घड्याळ, भिंतीवर एका चर्चचं चित्र. टेलिस्क्रीन नाही. विन्स्टन ती खोली भाड्यानं घेतो, प्रेयसी ज्युलियाला तिथे चोरून भेटतो. म्हातारा त्याला लंडनच्या चर्चच्या घंटांचं एक जुनं बडबडगीत शिकवतो, अर्धमुर्धं, कारण मधल्या ओळी त्याला 'आठवत नाहीत'.

आता हिशेब करा. वही दुकानातली. पेपरवेट दुकानातला. खोली दुकानदाराची. गाणं दुकानदाराचं. क्रांतीचं बंदी घातलेलं पुस्तक ओब्रायननं पोचवलेलं (हा सत्तेतला बडा अधिकारी, विन्स्टन त्याला आपल्या बाजूचा समजतो), आणि ओब्रायनच पुढे कोठडीत सांगतो की ते लिहिणाऱ्यांत मीही होतो. त्या गाण्याची हरवलेली ओळसुद्धा ओब्रायनच पुरी करून देतो. विन्स्टन आनंदानं म्हणतो, तुम्हाला शेवटची ओळ येते! येणारच की. कारण गोड म्हातारा थॉट पोलिसांचा, म्हणजे लोकांच्या विचारांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांचा माणूस आहे, आणि खोलीतल्या त्या चित्रामागे टेलिस्क्रीन आहे.

म्हणजे बंडाला लागणारं सगळं सामान सरकारी पुरवठ्याचं. सत्तेनं त्याच्याकडून काही हिसकावून घेतलं अशी गोष्टच नाही ही. सत्तेनं त्याला हवं ते दिलं. सात वर्षं दिलं. भिंगाखाली किडा ठेवतात तसं त्याच्याकडे सात वर्षं लक्ष होतं, आणि त्याला काय आवडेल ते अचूक ओळखून दुकानात मांडलं गेलं.

ह्यातली सगळ्यात भयंकर वस्तू म्हणजे धुळीचा एक कण. डायरी कुणी उघडली तर कळावं म्हणून विन्स्टन तिच्या कव्हरवर पांढरट धुळीचा कण ठेवतो. रोज बघतो, कण जागच्या जागी. निर्धास्त होतो. पुढे आपल्याला कळतं की ते डायरी वाचायचे आणि कण उचलून परत होता तिथे ठेवायचे. बिग ब्रदरच्या मोठ्या चेहऱ्याला मी कधी घाबरलो नाही. पण कुणीतरी नोकरीवर आहे, त्याला पगार मिळतो, आणि त्याचं काम आहे चिमटीत धुळीचा कण धरून तो नीट परत ठेवणं, ह्या माणसाचा विचार केला की पोटात गोळा येतो. तो माणूस कादंबरीत कुठेच दिसत नाही. घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल, "आज जरा उशीर झाला"?

धाड पडते तेव्हा एक शिपाई पेपरवेट उचलून फायरप्लेसच्या दगडावर आपटतो. काच फुटते आणि पोवळ्याचा तुकडा चटईवर घरंगळतो. केकवरच्या साखरेच्या गुलाबकळीएवढा. काचेतून तो मोठा दिसत होता. विन्स्टनच्या मनात येतं, केवढासा होता हा, कायमच केवढासा होता. मग चॅरिंग्टन आत येतो. केस काळे, चष्मा नाही, वय पस्तिशीचं, आणि आवाजातला तो लंडनच्या गल्लीतला हेल गायब. शिपायावर खेकसतो: ते तुकडे उचला. दुकानदारच तो, मालाची काळजी असणारच.

(इथे एक खरी घडलेली गोष्ट सांगायलाच हवी. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉननं किंडलवर विकलेल्या '१९८४' च्या काही प्रती लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, नंतर कंपनीचा तेव्हाचा प्रमुख बेझोस ह्यानं माफीही मागितली. कायद्यानं काय असेल ते असो. पण इतकी पुस्तकं असताना नेमकं हेच! ऑरवेलनं हे कादंबरीत घातलं असतं तर संपादक म्हणाला असता, फार होतंय, काढा.)

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिल्या दोन्ही वाचनांत दिसूनही दिसली नव्हती. विन्स्टनला त्याचं काम आवडतं. सत्य मंत्रालयात जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आजच्या सोयीनं पुन्हा लिहायचं काम. दिवसभर भूतकाळ पुसायचा आणि संध्याकाळी घरी येऊन भूतकाळ पुसला जातो म्हणून डायरीत तळमळायचं. कादंबरीत सरळ लिहिलंय की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद हे काम होतं. एकदा एका नकोशा झालेल्या माणसाचं नाव जुन्या भाषणातून काढायचं असतं, तर हा त्या जागी कॉम्रेड ओगिल्वी नावाचा अख्खा हुतात्मा जन्माला घालतो. तिसऱ्या वर्षी ढोल, मशीनगन आणि हेलिकॉप्टर सोडून बाकी खेळणी नाकारणारा, अकराव्या वर्षी काकाची चुगली करणारा, तेविसाव्या वर्षी समुद्रात उडी घेऊन मरणारा. वर एक पदकही द्यावं असं त्याच्या मनात येतं, पण ते तो टाळतो. का? तर मग इतर कागदपत्रांतही नोंदी जुळवत बसावं लागेल. हा खरा कारकून!

हसू नका. आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो, एजीएमचं इतिवृत्त मीच लिहायचो. एका सभेत पाण्याच्या टाकीवरून तासभर आरडाओरडा झाला. दोघं उठून गेले, एकानं खुर्ची ढकलली. मी लिहिलं: 'टाकीच्या दुरुस्तीबाबत साधकबाधक चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' 'साधकबाधक' सुचला तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. पुढच्या वर्षी पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. ते कायम झालं. खुर्ची ढकलणाऱ्यानंही हात वर केला होता.

ऑरवेलला हा आनंद कुठून माहीत? त्यानं स्वतः तसली नोकरी केली होती. १९४१ ते १९४३ तो बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये भारतातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करत होता. दुसरं महायुद्ध चालू, मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जाणार, आणि ज्या साम्राज्याची बर्मात पोलीसगिरी करून कंटाळून तो परतला होता, त्याचीच बाजू मोतिहारीत जन्मलेल्या ह्या माणसानं भारताला सांगायची. युद्धावरची वार्तापत्रं तो इंग्रजीत लिही आणि त्यातली काही भाषांतर होऊन मराठीतही जात. आपल्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तेव्हा तिथे त्याच्याबरोबर काम करत होत्या. बायको आयलीनही युद्धाच्या सुरुवातीला सेन्सॉर खात्यात नोकरीला होती. तेव्हा विन्स्टन हा बाहेरून बघून रंगवलेला माणूस नाही. तो ऑफिसातून घरी आणलेला आहे.

मग सत्तेच्या दुकानातलं नाही असं ह्या कादंबरीत काहीच नाही का? भाचीच्या प्रश्नाचा हा दुसरा भाग मी स्वतःच काढला. ज्युलिया आपण होऊन येते, हे खरं. पण ती व्यवहारी आहे, नियम मोडून मजा करायची एवढाच तिचा कार्यक्रम. विन्स्टन बंदी असलेलं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवतो तेव्हा ती चक्क झोपून जाते. (कॉलेजात त्या प्रकरणाला मीही झोपलो होतो. उपरोध वगैरे सगळं मान्य, पण ती पानं लांबली आहेतच.)

मला तिघीजणी सापडल्या. एक, खोलीच्या खिडकीखाली कपडे वाळत घालणारी बाई. तोंडात चिमटे, दंड लाल, अंगानं रुंद, आणि सारखी गातेय. गाणं भिकार आहे. कामगारांसाठी सरकारी यंत्रानं जुळवलेलं, माणसाचा हात न लागता. पण ती ते असं सुरात गाते की त्या कचऱ्याचं गाणं होतं. चॅरिंग्टनच्या पेपरवेटचं बरोबर उलटं! तिथे सुंदर वस्तू सत्तेची निघते, इथे सत्तेची वस्तू बाईच्या गळ्यात जाऊन तिची स्वतःची होते. धाड पडते तेव्हा तिचं गाणं मध्येच तुटतं, अंगणात धुण्याचा टब खणखणत घरंगळतो, आणि एक किंकाळी येते. तिचं पुढे काय झालं, ऑरवेल सांगत नाही.

दुसरी विन्स्टनच्या डायरीच्या पहिल्याच पानावर आहे, सिनेमातली. निर्वासितांच्या बोटीवर बॉम्ब पडतोय आणि एक बाई मांडीवरच्या पोराला दोन्ही हातांनी झाकून घेतेय, जणू हातांनी गोळ्या अडतील. थिएटरात लोक टाळ्या वाजवतात.

तिसरी त्याची आई. सरकार चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणतं आणि दुसऱ्याच दिवशी ते २० ग्रॅमपर्यंत 'वाढवल्या'बद्दल आभाराचे मोर्चे निघतात, हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण कादंबरीत आणखी एक चॉकलेट आहे. विन्स्टन लहान असताना घरात उपास, आई त्याला वडीचा पाऊण भाग देते, आजारी बहिणीला पाव. हा तो पावही हिसकावतो आणि पळतो. आई हाका मारते, पण हा परत फिरत नाही. मग ती मुलीच्या अंगावरून हात टाकून तिला जवळ घेते. त्यानं काही होणार नसतं. चॉकलेट परत येणार नसतं, पोर वाचणार नसते. हा परत येतो तेव्हा दोघी नाहीशा झालेल्या असतात.

आईचा तो हात कुठल्या दुकानात मिळत नाही, म्हणून तो पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. रूम नंबर १०१ मध्ये उंदरांचा पिंजरा तोंडाशी आल्यावर विन्स्टनच्या मनातून ज्युलियाही जाते. छळाखाली दोन अधिक दोन पाच हेही त्याला पटतं. तरी तो हात राहतो.

आणि मग शेवटचं प्रकरण. चेस्टनट ट्री कॅफे, लवंग घातलेली जिन, समोर बुद्धिबळाचा पट, विन्स्टन एकटा बसलाय. अचानक, न बोलावता, एक दुपार आठवते. बाहेर पाऊस. नऊ-दहा वर्षांचा तो कंटाळून, खायला मागत घर डोक्यावर घेतोय. आई पावसातच बाहेर जाते आणि सापशिडी घेऊन येते. आपल्याकडचाच खेळ तो, मोक्षपट म्हणून ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा. पुठ्ठ्याचा पट चिरलेला, फासे धड नाहीत, आधी हा तोंड वाकडं करतो. मग आई मेणबत्ती लावते, दोघं जमिनीवर बसतात, सोंगट्या शिडीवरून वर जातात आणि सापावरून घसरत येतात. आठ डाव होतात, चार ह्याचे, चार आईचे. बहीण तक्क्याला टेकून बसलेली, तिला खेळातलं काही कळत नाही, पण हे हसतायत म्हणून तीही हसतेय.

विन्स्टन ते चित्र मनातून ढकलून देतो. खोटी आठवण, असं ठरवतो. अशा आठवणी त्याला अधूनमधून त्रास देतात, पण त्या काय आहेत हे कळलं की झालं. आणि पटाकडे वळून तो पांढरा घोडा पुन्हा हातात घेतो.