एका थेंबात पोटाचे सगळे कॅन्सर? नाही!

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, एक मेसेज फिरतोय: 'नोबेल मिळालेली आरएनए टेस्ट आली! रक्ताच्या एका थेंबात जठर, आतडी, लिव्हर, स्वादुपिंड सगळ्यांचे कॅन्सर पहिल्या स्टेजलाच 100 टक्के कळतात. बायोप्सीने कॅन्सर पसरतो, ती करू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला की पाच वर्षं निश्चिंत.' आपलेच काका-मावश्या तो काळजीपोटी पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

नोबेल खरं आहे. 2024 साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं, पण मायक्रोआरएनएच्या (पेशीत जनुकांचं काम आवरणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) शोधासाठी, कॅन्सरच्या टेस्टसाठी नाही. गाठ असली की रक्तातल्या काही मायक्रोआरएनएंचं प्रमाण बदलतं, हेही खरं. सिंगापूरमध्ये असे 12 मायक्रोआरएनए मोजणाऱ्या टेस्टला 2019 साली मंजुरी मिळाली. ती फक्त जठराच्या कॅन्सरची आहे, आणि तिच्यात धोका दिसला की पुढे एन्डोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करायची असते.

'100 टक्के' आणि 'एक थेंब' यांचा मला खरा राग येतो. मिर-21 नावाचा मायक्रोआरएनए कितीतरी कॅन्सरमध्ये वाढतो, नुसत्या सुजेनेही वाढतो. मग एकट्या त्याच्यावरून गाठ कुठे आहे, आहे तरी का, हे कसं कळणार? शिवाय नमुना बिघडतो. बोट दाबून दाबून थेंब काढला, किंवा शिरेतून घेतलेली ट्यूब मे महिन्याच्या उन्हात डिकीतून फिरली, तर लाल पेशी फुटू शकतात. मशीनमध्ये फिरवल्यावर वर येणारा पिवळसर थर मग गुलाबी दिसतो. लाल पेशींत मिर-451 आणि मिर-16 भरपूर असतात. ते सांडले की आकडा गाठीमुळे हलला की सुईमुळे, हे ठरवणं अवघड होऊन बसतं.

बायोप्सीने, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढल्याने, कॅन्सर पसरण्याची भीती जुनी आहे. लिव्हरमध्ये सुईच्या वाटेने असं क्वचित होतं, आणि डॉक्टर ते धरूनच चालतात. सिरॉसिसच्या (लिव्हर कठीण होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णात बऱ्याचदा सीटी किंवा एमआरआयवरच निदान होतं. जठरात, आतड्यात मात्र दुर्बिणीतून चिमटीएवढा तुकडा घेतल्याशिवाय कॅन्सरवर शिक्कामोर्तब होत नाही. मोठ्या आतड्याच्या अशाच दुर्बिणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, पॉलिप (अस्तरावरचा छोटा फुगवटा) दिसला तर बहुतेक वेळा तो तिथल्या तिथे काढताही येतो. रक्ताची कुठलीही टेस्ट तो काढून देत नाही.

राहिलं 'निगेटिव्ह म्हणजे निश्चिंत'. अमेरिकेत 2024 साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्ताची एक टेस्ट मंजूर झाली. ती डीएनएवर चालते, आणि हजारो लोकांवर तपासलेली आहे. तिने कॅन्सर पकडले सुमारे 83 टक्के, आणि कॅन्सरच्या आधीच्या मोठ्या गाठी जेमतेम 13 टक्के. तेव्हा कुणाला काळी शौच होत असेल, घास अडकत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा कावीळ दिसत असेल, तर असा रिपोर्ट हातात असला तरी याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे जा.