तळहातावरची गोळी, चादरीवरची काजळी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक वेगळा मोसम असतो. त्यात फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुका चालतात. १९७४ सालापासूनची ही रीत. मोसम जवळ आला की शिकाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो इथल्या दोन मराठी मित्रांनीही मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "बंदुकीत दारू किती घालायची हे ठरवायला मैदानावर दिवस घालवू नका. जुने लोक गोळी तळहातावर ठेवून ती झाकेपर्यंत दारू ओतत, तेच माप. खात्री हवी तर नळीपुढे पांढरी चादर पसरा. काळे दाणे पडले तर दारू जास्त झाली, ते पडायचे थांबेपर्यंत कमी करा. मग तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की बंदूक तयार."

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत जनावर मोजतं. म्हणून हे लिहितोय.

आधी तळहात. पॉइंट ५० कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची गोळी घ्या आणि हात जरा सपाट धरा, मग जरा खोलगट करा. दारूचा ढीग दोन्ही वेळा वेगळा होतो. मी मोजून पाहिलं तेव्हा एकाच हातावर, एकाच सकाळी वीस ग्रेनहून जास्त फरक पडला (ग्रेन हे दारू मोजायचं वजन, एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन). आणि जुने लोक असं करत हेही अर्धवट आहे. हरणाच्या शिंगाची किंवा हाडाची कोरलेली छोटी मापं दारू ठेवायच्या शिंगाला दोरीने बांधून ते फिरत. अशी मापं आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. कोकणात माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिच्या पिशवीत बांबूच्या पेराचं एकच माप असायचं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आता चादर. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती पूर्ण जळली तरी सगळी वायू होत नाही. नोबल आणि एबल या ब्रिटिश संशोधकांनी १८७५ साली बंद भांड्यात दारू जाळून मोजलं, तेव्हा वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग घन अवशेष म्हणून उरला. म्हणजे ७० ग्रेन दारू जाळलीत तर ४० ग्रेनच्या आसपास काजळी आणि क्षार होणारच. त्यातले काही धूर होऊन जातात, काही नळीत चिकटतात, काही चादरीवर पडतात. मी चादरीवरचे दाणे पत्र्यावर गोळा केले आणि उघड्यावर लांब काडीने पेटवून पाहिले. दोन-तीन कण फुर्रकन पेटले, बाकीचे तसेच काळे राहिले. गोळीभोवती गुंडाळतात त्या चिंधीचे जळके धागेही त्यातच होते. पेटलेले दोन-तीन कण न जळलेली दारू होती हे मान्य, पण त्यावरून नेमाबद्दल काहीच कळत नाही.

एक सूत्रही सांगितलं जातं: नळीच्या पोकळीच्या दर घन इंचाला साडेअकरा ग्रेन. पॉइंट ५० कॅलिबर आणि ३२ इंचांची नळी धरली तर पोकळी सव्वासहा घन इंच, म्हणजे ७२ ग्रेन. सुरुवात कुठून करायची याचा अंदाज म्हणून ठीक. पण ते सूत्र दारू वाया जाण्याबद्दल आहे, गोळ्या एकमेकींजवळ पडण्याबद्दल नाही.

तिसरी गोष्ट, तीन गोळ्यांची, मला सर्वांत जास्त लागते. पहिल्या वर्षी मीही तीन गोळ्या पाहून थांबलो होतो. तिन्ही एका बशीखाली झाकल्या जातील अशा पडल्या होत्या. मोसमात सत्तर यार्डांवरच्या मादीला गोळी पोटात, फार मागे लागली. अंधार पडेपर्यंत बर्फावरच्या रक्ताचा माग काढत राहिलो, तेव्हा कुठे ती सापडली. तीन गोळ्यांचा पुंजका निव्वळ योगायोगानेही लहान पडतो. त्याच बंदुकीतून, त्याच मापाने पाच गोळ्या झाडल्या तर पुंजका सरासरी पाव पटीने मोठा होतो, दहा झाडल्या तर दीडपटीहून मोठा. तुमची बंदूक आधीही गोळ्या तेवढ्याच पसरून फेकत होती, फक्त तीन गोळ्यांत ते दिसलं नव्हतं.

मग करायचं काय? बंदूक बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा आधी वाचा. ५० यार्डांवर, टेकू देऊन, ५० ग्रेनपासून सुरू करा आणि पाच-पाच ग्रेनने चढत जा. प्रत्येक मापाला पाच गोळ्या, आणि जे माप चांगलं वाटेल ते दुसऱ्या दिवशी पुन्हा. दर गोळीनंतर नळीतून ओली आणि मग कोरडी चिंधी फिरवा. गोळी दारूवर पक्की टेकली की ती ठासायच्या गजावर, नळीच्या तोंडाशी खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी अडकली आहे. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, अशा वेळी बंदूक उडवू नका.

आणि चिंध्या उचला. गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी दहा-पंधरा पावलांवर पडते. मधोमध काळा डाग आणि कडा शाबूत असतील तर ती ठीक. मधे जळून भोक पडलं असेल तर वायू गोळीच्या कडेने निसटतोय, मग दारू वाढवा की कमी करा, नेम सुधारायचा नाही. जाड कापड किंवा जास्त वंगण लावून पाहा. नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या रेषेत चिंधी कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाची धार तपासा. माझ्या बंदुकीचा निम्मा दोष दारूत नव्हताच, पातळ कापडात होता.

मजकुरात नसलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा हलकी असते आणि ती वजनाने नाही, काळ्या दारूच्याच मापाने भरायची असते. शंभर ग्रेन तराजूवर तोललीत तर मापाने शंभरापेक्षा बरीच जास्त भरते. आणि आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू काळ्या दारूच्या नळीत चिमूटभरही घालायची नाही.

माझी बंदूक सध्या ७५ ग्रेनवर स्थिरावली आहे. तुमची कदाचित ६० वर बसेल.